खिडकीवरचे पतंग

रात्रीचे साडेअकरा झालेत. झोप येत नाहीये, लिहूनच टाकते.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी सिरपूर तलावाकडे फिरायला गेलो होतो, तेव्हा रस्त्याकडेच्या बाभळीवर काड्यांची इवलीशी मोळी लटकलेली दिसली, बोटाच्या दोन पेरांएवढी, आणि बघता बघता ती सरकली! आत अळी. बॅगवर्म म्हणतात. स्वतःच काड्या कुरतडायच्या, तोंडातून रेशीम काढून त्या एकीला एक उभ्या चिकटवायच्या, आणि जाईल तिथे घर सोबत. मी फांदीसकट घरी आणली, बरणीत ठेवून वर मलमल बांधली. रोज बाभळीचा ताजा पाला. आईसुद्धा विचारायची, "खाल्लं का गं तिनं?"

मग एके दिवशी तिनं मोळी फांदीला घट्ट बांधून टाकली, पाल्याला तोंड लावेना. मला वाटलं आता पंख फुटणार. रोज उठलं की आधी बरणी.

काहीच निघालं नाही. आणि परवा, काल, दिवेलागणीनंतर खिडकीच्या जाळीवर दोन तपकिरी पतंग, कंगव्यासारख्या मिशांचे, सारखे फडफडत होते. लाइट बंद केला तरी जाईनात. शेवटी मी खिडकीच लावून घेतली.

आज वाचलं आणि पोटात गोळा आला. यांच्यात पंख फक्त नराला. मादी मोठी झाली तरी बिनपंखाची, आपल्या मोळीतच राहते आणि वास सोडून त्याला बोलावते, त्याच्या मिशा तो वास धरायलाच. पतंग झाल्यावर तो काही खात नाही, अळीपणी खाल्लं तेवढ्यावर थोडे दिवस उडायचं नि तिला शोधायचं. भेट झाली की ती आतच अंडी घालते आणि मरते. पिल्लं रेशमाच्या धाग्यावर लोंबकळत वाऱ्याबरोबर जातात. म्हणजे हिच्या आईनं, आजीनं, कोणीच कधी उडून पाहिलेलं नाही, दूर जायचं ते लहानपणीच, वारा नेईल तिकडे.

ते दोघं लाइटसाठी आले नव्हते गं. आणि मी खिडकी लावली.

सकाळी सिरपूरला नेऊन त्याच बाभळीला बांधणार आहे, पण तिच्याकडे दिवसच किती असतील, आजची रात्र का घालवायची, म्हणून आत्ताच फांदी गच्चीच्या कठड्याला सुतळीनं बांधून आले. दिवा मालवून दहा मिनिटं तिथेच उभी होते. वारा आहे थोडा. अजून कोणी आलं नाही.