सैल दोर : आमची वाटचाल

पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीजवळ आमचं दोरखंडाचं दुकान. आजोबांनी थाटलं तेव्हा काथ्याचे, अंबाडीचे आणि सुताचे दोर एवढाच माल होता. वडिलांच्या हाती आलं तसे कासरे, दावी, म्होरक्या, वेसणी, घुंगरमाळा असा बैलांचा सगळा साज आला. भाद्रपदातला पोळा तोंडावर आला की मावळ-मुळशीची माणसं सकाळच्या एसटीने उतरून थेट दुकानात यायची आणि आम्हा भावंडांना शाळेतून आल्या आल्या गोंडे मोजायला बसवलं जायचं. पुढे शेतात ट्रॅक्टर आले. एका वर्षी पोळ्यासाठी भरलेल्या घुंगरमाळांपैकी निम्म्या माळ्यावरच राहिल्या. तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि दुकान पुढे चालवायचं की नाही, हा विषय घरात रोज निघायचा.

कुत्र्यांकडे आम्हाला एका गिऱ्हाइकाने नेलं. कोथरूडचे एक काका बैलाचा कासरा मागायला आले. बैल किती वर्षांचा, असं वडिलांनी सवयीने विचारलं, तर कासरा हवा होता जर्मन शेफर्डसाठी. तयार लीश, म्हणजे कुत्र्याला फिरवायचा दोर, दोन महिन्यांत तीनदा तुटली होती. वडिलांनी बोटाएवढ्या जाडीचा सुती दोर काढला, टोकाचे पीळ उलगडून पितळी हुकातून घेतले आणि परत दोरातच विणून टाकले. कुठे गाठ नाही. "नायलॉनचा गोल दोर घेऊ नका, कुत्र्याने हिसका दिला तर तळवा सोलून निघतो," एवढं सांगून दोर त्यांच्या हातात दिला. पुढच्या महिन्याभरात त्या काकांच्या ओळखीने चौघं आले. वर्षाच्या आत आम्ही नऱ्ह्याला एक गाळा घेतला, त्यात दोन शिलाई मशीन आणि ओढ बसते तिथे दाट टाके घालणारं एक जुनं बारटॅक मशीन बसवलं. जीएसटीच्या नोंदणीच्या वेळी सीएंनी दाखवलं की कोणत्याही जनावराचा साज, मग तो घोड्याचा असो, बैलाचा असो की कुत्र्याचा पट्टा, ४२०१ या एकाच शीर्षकाखाली येतो. वडील कितीतरी दिवस ते सगळ्यांना सांगत होते. धंदा तोच आहे, फक्त जनावर बदललं, असं म्हणायचे.

पहिल्या वर्षीची दिवाळी मात्र मी विसरू शकत नाही. गर्दीच्या दिवसांत आम्ही बाहेरून हूक घेतले होते. दिसायला पितळी, हाताला जरा हलके. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमची एक गिऱ्हाईक आपल्या गावठी कुत्रीला खाली फिरवायला घेऊन गेली, शेजारच्या सोसायटीत लड लागली, कुत्रीने जिवाच्या आकांताने उडी मारली आणि हुकाचं तोंड तुटलं. लीश बाईंच्या हातात, कुत्री अंधारात. मी आणि भाऊ दोन रात्री त्यांच्याबरोबर नदीपात्रात टॉर्च घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हात्रे पुलाच्या जवळ ती एका पडक्या टपरीखाली सापडली, पंजे सोललेले, अंग थरथरत होतं. ज्याच्याकडून हूक घेतले तो म्हणाला, "ताई, एवढं-तेवढं चालतंच." आम्ही बिलबुकातली नावं काढून एकेकाला फोन केला आणि सगळे हूक फुकट बदलून दिले. त्या वर्षी नफा झाला नाही.

तेव्हापासून हूक घेताना मी खिशात छोटी कानस ठेवते. कोपऱ्यावर दोनदा घासलं की आतून पिवळं निघालं तर पितळ, राखाडी निघालं तर जस्ताचा ओतीव माल, वर नुसता मुलामा. डी-रिंगचा, म्हणजे हूक अडकवायच्या डी आकाराच्या कडीचा, जोड झाळलेला आहे का, तेही बघते. नुसती वाकवलेली कडी ओढ बसली की उघडते. तुम्हीही दुकानात उभं राहून एवढं बघू शकता. रंग आणि छापील पंजे त्यानंतर बघा.

ओढ किती बसते याचा हिशेब भावाने एकदा कागदावर करून दाखवला. २५ किलोचं कुत्रं ताशी २० किलोमीटरने धावत लांब दोराच्या टोकाला पोचलं आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबलं, तर तो झटका जवळपास १४० किलो वजन टांगल्यासारखा असतो. हुकावर जसा, तसाच कुत्र्याच्या गळ्यावर. म्हणून आमचा प्रत्येक नवा नमुना आधी गाळ्याच्या तुळईला बांधून, वाळूचं पोतं वरून सोडून बघतो. आणि म्हणूनच १० मीटरचा ट्रेनिंगचा दोर आम्ही पट्ट्याला लावायला देत नाही, छाती-पाठीवर बसणाऱ्या हार्नेसलाच लावा म्हणतो. त्या दोराच्या टोकाला आम्ही मुद्दाम मूठ शिवत नाही. तळजाईच्या टेकडीवर हाक मारल्यावर परत येण्याचा सराव करताना दोर जमिनीवर घसरत जातो, आणि मूठ असली की ती दगडात नाही तर घाणेरीच्या झुडपात अडकते. लोक आधी तक्रार करतात, मग एकदा टेकडीवर जाऊन आले की त्यांना पटतं.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला जड जातं. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही चोक चेन, म्हणजे ओढलं की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळ्या, विकल्या. मागणी होती, मार्जिन चांगलं होतं आणि लोखंडी कडीच्या साखळीत शिवणकामही नव्हतं. एक दिवस एक जोडपं पग घेऊन आलं. आमच्याच चोक चेनने त्याला ओढून-ओढून त्याचा श्वास घरघरत होता, जीभ निळसर पडली होती. चपट्या नाकाच्या जातींना मुळातच श्वास पुरा पडत नाही, त्यात श्वासनलिकेवर दाब. आमच्या भागातल्या व्हेटरनरी डॉक्टरांनी त्या दिवशी फोनवर मला चांगलंच सुनावलं आणि ते बरोबर होते. संध्याकाळी मी उरलेली खोकी वडिलांपुढे ठेवली. ते म्हणाले, "बैलाला गळ्याला धरून कुणी नांगर शिकवतो का? कासरा सैल असतो म्हणून तर बोटभर हलवला तरी बैलाला वळायचं कळतं. सदा ताणलेला दोर काय सांगणार?"

सगळी खोकी भंगारात गेली. काटेरी पट्टा आम्ही कधी ठेवलाच नव्हता. विजेचा झटका देणारा पट्टा ठेवा, असे फोन आजही आठवड्याला एक-दोन येतात, विशेषतः ज्यांचं कुत्रं बाल्कनीतून भुंकतं त्यांचे. आम्ही नाही म्हणतो, आणि कारणही सांगतो. झटका बसतो त्या क्षणी कुत्र्याच्या डोळ्यांपुढे जे असेल, समजा सायकलवरचं लहान मूल, त्याच्याशी ते दुखणं जोडलं जातं. भुंकणं कदाचित थांबेल, पण मुलांची धास्ती बसली तर ती काढायला महिने जातात. वेल्समध्ये हे पट्टे वापरायला २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ मध्ये फार आखूड किंवा फार जड साखळीने जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हासुद्धा गुन्हा आहे. राखणीच्या कुत्र्यासाठी मणभर साखळी मागणाऱ्यांना मी हे कलम वाचून दाखवते.

सैल दोराची गोष्ट माझ्या डोक्यात बसली ती सहकारनगरच्या एका आजींमुळे. मुलगा परदेशी, घरी ३२ किलोचा लॅब्रॅडॉर, आणि त्याने ओढून पाडल्यामुळे आजींच्या मनगटाला प्लास्टर. त्यांच्याकडे महागातला हार्नेस होता, पण कडी पाठीवर. पाठीवर कडी असली की कुत्रं छाती पुढे टाकून सगळ्या अंगाने ओढतं; बैलाच्या खांद्यावर जू ठेवल्यासारखंच ते झालं. आम्ही छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस मापाने शिवला. आता लॅब्रॅडॉर पुढे झेपावला की त्याची छाती आपोआप आजींच्या बाजूला वळायची, ओढण्यातला जोर निघून जायचा. पट्ट्या समोरून वाय आकारात बसवल्या, म्हणजे खांद्याचं हाड मोकळं हलतं. खांद्यावरून आडवी जाणारी पट्टी चालणंच बिघडवते. काखेतून दोन बोटं मागे पट्टी नसेल तर आठवड्यात तिथलं कातडं लाल होतं.

पण हार्नेसने फक्त आजींचा तोल सांभाळला. शिकवलं आजींनीच. दोर ताणला की थांबायचं, अजिबात मागे खेचायचं नाही. सैल पडला की "शाब्बास", हातातला पनीरचा तुकडा आणि पुढे चालायचं. पहिल्या दिवशी गेटपासून कोपऱ्यापर्यंतच्या शंभर पावलांना त्यांना वीस मिनिटं लागली. रोज दोनदा. सहाव्या आठवड्यात त्या लॅब्रॅडॉरला घेऊन चालत-चालत बसस्टॉपपर्यंत गेल्या आणि तिथून मला फोन केला. तेव्हापासून हार्नेस घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही दुकानाच्या बोळात ही शंभर पावलं आधी चालायला लावतो. कधीकधी मागे रांग लागते, लागू दे.

त्याच आजींमुळे आमची चंची आली. पनीर पर्समध्ये, पर्सची चेन अडकलेली, आणि तोवर कुत्रं तिसरीकडेच बघतंय. बक्षीस सेकंदाभरात तोंडात पडलं तरच कशाबद्दल मिळालं ते त्याला कळतं. माझ्या आजीच्या कमरेला पानसुपारीची चंची असायची, दोरी ओढली की बंद, बोट घातलं की उघडी. तशीच, आतून धुता येईल अशा कापडाची शिवली. आज आमच्याकडे सर्वांत जास्त तीच खपते. तिच्यात उकडलेलं चिकन घाला, पनीर घाला, गाजराचे तुकडे घाला. बेदाणे-मनुका मात्र कधीच नको, कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला ते बाधतात.

क्लिकरबद्दल, म्हणजे दाबलं की टक् वाजणाऱ्या शिकवण्याच्या डबीबद्दल, लोक फार विचारतात. ती काही जादूची डबी नाही. तिचा आवाज दर वेळी तंतोतंत तसाच येतो, आपला राग-कंटाळा त्यात मिसळत नाही, एवढाच तिचा गुण. कुत्र्याने बूड टेकवलं त्या क्षणी क्लिक, लगेच खाऊ. आवाजाला दचकणारं कुत्रं असेल तर मोज्यात गुंडाळून वाजवा. आणि "शाब्बास" हा एक शब्द रोज एकाच सुरात म्हणता येत असेल तर क्लिकर घेऊ नका, असं मी काउंटरवरच सांगते.

गुंडाळत जाणारी, बटणाची लीश आम्ही ठेवत नाही. ती सदा थोडी ताणलेली राहते, म्हणजे कुत्र्याला ओढलं की जागा मिळते हेच शिकवते.

मापाच्या बाबतीत आम्हाला शिकवलं ते एका कारवानी कुत्र्याने. इंदापूरकडचे एक शेतकरी त्याला घेऊन आले होते. आम्ही नेहमीप्रमाणे गळा आणि पट्टा यांत दोन बोटं जातील असा पट्टा बसवला, आणि कुत्रं दोन पावलं मागे सरकून त्यातून सहज बाहेर आलं. कारवानी, मुधोळ या जातींचं डोकं मानेपेक्षा निमुळतं. त्यांना मार्टिंगेल पट्टा लागतो: एक मोठा वळसा आणि त्यात एक छोटा, ओढ लागली की वळसा आवळतो, पण ठरावीक मापाच्या पुढे नाही. त्या मापावरच सगळं अवलंबून आहे. म्हणून फोनवर ऑर्डर देणाऱ्यांकडून आम्ही मानेचं आणि कानामागून डोक्याचं अशी दोन्ही मापं घेतो. पिल्लाचा पट्टा असेल तर दर आठवड्याला दोन बोटं घालून बघा. लॅब्रॅडॉरचं पिल्लू इतक्या भराभर वाढतं की पट्टा कधी रुतायला लागला ते केसांखाली दिसत नाही.

सध्या आमचं सगळं लक्ष मुसक्यावर आहे. पूर्वी आम्ही कापडी मुसकं शिवायचो, तोंड घट्ट बंद करणारं. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, बाकी अंग ते धापा टाकूनच थंड करतं. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी तोंड बांधून फिरवणं म्हणजे त्याचा तेवढाही मार्ग बंद करणं. डॉक्टरकडे दोन मिनिटांपुरतं ठीक, रस्त्यावर नाही. आता टोपलीसारखं मुसकं देतो, त्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, जाळीतून खाऊही देता येतो. आणि ते घरी नेल्यावर पहिला आठवडा बांधायचं नाही. आतून दही लावायचं, हातात धरायचं, कुत्र्याने स्वतः तोंड घालून चाटायचं.

लांब तोंडाच्या कुत्र्यांना हे छान बसतं. पग, बॉक्सर यांना मात्र अजून बसत नाही. नाकावर टेकतं नाही तर डोळ्यांत जातं. गाळ्याच्या भिंतीवर चार नमुने टांगलेत. चौथ्याची जाळी आमच्या मशीनवरच्या मावशींनी हाताने विणली आहे आणि तो त्यातल्या त्यात बरा आहे, पण पाणी पिताना वाटीच्या तळाशी टेकतो. पाचवा जमला की आमच्या डॉक्टरांच्या पगवर बसवून बघू. तोवर चपट्या तोंडाच्या कुत्र्याचं मुसकं आमच्याकडे मिळणार नाही.