रविवारी साडेआठचा फोन

आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. माय आणि अण्णा मिळून एक कोयता. दिवाळी झाली की मुकादमाची, म्हणजे मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) फेडायला सांगली-कोल्हापूरकडे जायचं आणि मार्च-एप्रिलात परतायचं. मी आजीजवळ राहून शिकले. बीड जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीवरून इंजिनिअर झालेली मी पहिली मुलगी. कॉलेजात शिरले कशी, हे सगळे विचारतात. टिकले कशी, हे फारसं कुणी विचारत नाही, म्हणून तेच जास्त सांगते.

अकरावीत होते तेव्हा पुण्यातल्या नोकरदार तरुणांचा एक गट आमच्या ज्युनिअर कॉलेजात आला. एका मुलामागे एक मेंटॉर, अशी त्यांची पद्धत. माझ्या वाट्याला ताई आली. ती लातूरकडची, पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहून शिकलेली. डॉ. अच्युतराव आपट्यांनी 1955 साली सुरू केलेली ही संस्था; खेड्यातून आलेल्या मुलामुलींची राहण्या-जेवण्याची सोय कमी खर्चात करते. ताई म्हणायची, "मला तिथल्या एका सिनिअरनं पहिला फॉर्म भरायला शिकवला होता. आता तुझा मी बघते." ठरलं ते एवढंच: दर रविवारी रात्री साडेआठला फोन. आमच्या घरात रेंज यायची नाही, म्हणून मी आठपासूनच पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसायची.

पहिला डोंगर जात पडताळणीचा होता. राखीव जागेवर इंजिनिअरिंगला जायचं तर जातीचा दाखला पुरत नाही, तो पडताळून दिलेलं प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, लागते. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. आता माझे आजोबा शाळेची पायरीसुद्धा चढले नव्हते, तर पुरावा आणायचा कुठून? ताईनं अण्णांना फोनवर घेतलं आणि अख्खं खानदान विचारून काढलं. भाऊ किती, चुलते किती, त्यातलं शाळेत कोण गेलं? शेवटी एक चुलत आजोबा निघाले, निजामाच्या राजवटीत दोन वर्षं शाळेत गेलेले. त्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांची नोंद सापडली, पण उर्दूत. तिचा उतारा काढला, भाषांतर करून घेतलं, वंशावळीचं शपथपत्र जोडलं. ऊसतोडीचा हंगाम चालू असताना अण्णा त्यासाठी दोनदा गावी आले. तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली. बारावीच्या परीक्षेआधी व्हॅलिडिटी हातात पडली. ती मागायची कधी, हेच माहीत नसल्यानं माझ्याइतकेच मार्क असलेली आमच्या वर्गातली दोन मुलं त्या वर्षी मागं राहिली. त्यांची आठवण आली की मला अजून राग येतो.

मे 2017 मध्ये सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, दिली. कॉलेजांची पसंती कळवायचा ऑप्शन फॉर्म भरताना ताईनं माझ्या यादीवर कॉलेजच्या नावापुढं दोन गोष्टी लिहायला लावल्या, तिथं मुलींचं वसतिगृह आहे का आणि एसटी स्टँडपासून किती लांब आहे. पुण्यातलं एक खाजगी कॉलेज लागलं. प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर पूर्ण फी मागितली. अण्णांच्या खिशात उचलीतले उरलेले नऊ हजार होते. मी ताईला फोन लावला. ती म्हणाली, "रांगेतून हलू नकोस. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घ्यायचं नाही, असे शासनाचे आदेश आहेत. हे शांतपणे सांग आणि तसं लिहून द्यायची तयारी दाखव." मला सांगता येईना, आवाजच फुटेना. मग तिनं फोन क्लार्ककडं द्यायला लावला. प्रवेश झाला.

वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून चौघींत एक खोली घेतली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज केला. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना. पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये: जेवणाचे 32,000, राहण्याचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या मुलांना साहित्यासाठी वर 5,000. माझ्या घरात एवढी रक्कम एकरकमी फक्त मुकादमाकडून यायची, तीही डोक्यावर ओझं होऊन.

पहिलं वर्ष निभावलं. घसरले ते दुसऱ्या वर्षात.

ऑक्टोबर 2018. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, डोक्यावरून जात होतं, दोन विषयांत बॅक राहणार, म्हणजे नापास होऊन पेपर पुन्हा द्यावे लागणार, हे दिसत होतं. स्वाधारचे पैसे आले नव्हते. चार महिन्यांचं भाडं थकलं होतं, मेसवाल्या काकू काही बोलत नव्हत्या आणि त्याचीच जास्त लाज वाटत होती. गावाकडं टोळी जमायला लागली होती. त्या रविवारी मी ताईला सांगितलं, "ताई, मी यंदा मायसंग जाते. पुढच्या वर्षी बघू."

शिक्षणाचं महत्त्व वगैरे ती काही बोलली नाही. विचारलं, "भाडं किती थकलंय? मेसचं किती? वही घे आणि लिही." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून अर्धा दिवस सुट्टी घेऊन ती माझ्यासोबत बँकेत आली. तिथल्या मॅडमनी आधार क्रमांक टाकून बघितलं आणि म्हणाल्या, तुझा आधार या खात्याला जोडलेलाच नाही, दुसऱ्या बँकेला जोडलेला आहे. तेव्हा माझी ट्यूब पेटली. आठवीत शाळेनं आम्हा सगळ्यांची झिरो बॅलन्सची खाती तालुक्याच्या बँकेत काढली होती. पुढं कधीतरी केवायसीच्या वेळी आधार तिथं जोडला गेला होता. आधारवरून येणारे सरकारी पैसे आधार ज्या खात्याला जोडलेला असतो तिथं जातात, अर्जात कुठलं खातं लिहिलंय याला अर्थ नसतो. स्वाधारचा हप्ता तीन महिन्यांपासून गावाकडच्या त्या खात्यात पडून होता. पासबुक आजीच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्याखाली.

आजही ते आठवलं की घसा दाटतो. पैसे असताना मी कोयता हातात घ्यायला निघाले होते.

एम-थ्रीची बॅक राहिलीच. ताईला गणित येत नव्हतं, पण तिनं तिसऱ्या वर्षाची एक मुलगी शोधून दिली. शनिवारी दुपारी दोन तास अभ्यासिकेत ती मला शिकवायची, बदल्यात मी तिला ड्रॉइंगच्या शीट करायला मदत करायची. मेमध्ये पेपर सुटला.

माझ्यासोबत त्याच गटातून आलेली माझी मैत्रीण मात्र पहिल्याच सेमिस्टरला परत गेली. तिच्या मेंटॉरनं प्रवेश झाल्यावर पेढे वाटले, फोटो काढला आणि काम झालं असं समजून फोन बंद केला. ती गेली आहे हे गटाला जानेवारीत कळलं. त्यांनी चांगुलपणानंच काम केलं होतं, हे मला मान्य आहे. पण निम्म्या वाटेवर हात सोडल्यानं तिचं काय झालं, ते मी पाहिलंय. तिचं लग्न झालं, आता तीही कोयत्यावर जाते. मी गटाच्या बैठकीत हे उभं राहून सांगितलं, आणि दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत तरी फोन थांबवायचा नाही, असं तेव्हा ठरलं.

मार्च 2020 च्या लॉकडाउनमध्ये मी आजीजवळ आणि माय-अण्णा कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, अडकले होते. एप्रिलमध्ये ऊसतोड कामगारांना परतायची परवानगी मिळाली तेव्हा ते आले. ऑनलाइन तास मी पुन्हा त्याच टाकीखाली बसून ऐकले. 2021 मध्ये डिग्री झाली. निकाल मायला फोनवर सांगितला, तर तिनं आधी विचारलं, "ताईला सांगितलंस का?"

आता मीही मेंटॉर आहे, माझ्या वाट्याला दोन मुली आहेत. एक धारूर तालुक्यातली, यंदा बारावीला. पहिल्याच फोनवर मी तिला बँकेत पाठवलं, आधार कुठल्या खात्याला जोडलाय ते विचारायला. परवा तिचा मेसेज आला: "ताई, दुसरंच खातं निघालं. बदलून घेतलं."