लिनक्सवर गेम घेतला, पैसे बँकेत अडकले

गेम घ्यायचा तर त्याची विक्री लिनक्सच्याच नावावर मोजली गेली पाहिजे, हा माझा हट्ट. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम. जुन्या लॅपटॉपवर तिचा मिंट हा प्रकार आहे, त्यावर स्टीम, म्हणजे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, मुकाट्यानं बसलं. सेलमध्ये 'स्टारड्यू व्हॅली' स्वस्त दिसला, यूपीआयचा पिन टाकला आणि नेमकी लाइन गेली. लाइन गेली की आमच्या गावचा टॉवरही जातो. रेंज आल्यावर पाहतो तर खात्यातून पैसे कटलेले, लायब्ररीत गेम नाही.

तालुक्याच्या शाखेत गेलो. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "यूपीआय ना? ॲपवाल्याला विचारा." ॲपवर तक्रार टाकली तर उत्तर आलं, बँकेशी संपर्क साधा. पुन्हा शाखेत, तर "लिंक नाही, जेवण झाल्यावर या." जेवणानंतर लिंक आली, साहेब नव्हते. पासबुक छापून घेतलं. मशीननं नेमकी माझीच नोंद घडीवर, अर्धी वर अर्धी खाली छापली. साहेबांनी ती चष्मा वर करून वाचली.

"काय घेतलं होतं?"

"शेतीचा गेम."

"काऊन, घरी वावर नाही का भाऊ?" मागची अख्खी रांग हसली.

रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक आहे: दुकानदाराला यूपीआयनं दिलेले पैसे मधेच अडकले तर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत, पुढे उशीर झाला तर रोजचे १०० रुपये ग्राहकाला, तेही न मागता. हे तोंडी सांगून काही होत नाही. अर्जात लिहा, व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय क्रमांक टाका, झेरॉक्सवर शिक्का घ्या. शिक्का मारताना साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला.

पैसे आले, तोवर सेल संपला. चरफडत पूर्ण किमतीत घेतला. या वेळी पिन गच्चीवर जाऊन टाकला. हो, आणि पैसे अडकले की लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी स्टीमची खरेदीची यादी बघा. तिथे व्यवहार 'पेंडिंग' दिसू शकतो.

मधल्या काळात मावसभाऊ म्हणत होता, माझ्या विंडोजवर लॉगिन कर, तिथूनच घे, तिथेच खेळ. मी नाही म्हटलं. खरेदीनंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत गेम सर्वांत जास्त कुठे खेळला गेला, त्यावर स्टीम ती विक्री लिनक्सची की विंडोजची ते ठरवतं. म्हणून नवा गेम आधी लिनक्सवरच खेळा, पाहुण्यांना पासवर्ड नंतर द्या. २०१८ मध्ये आलेल्या प्रोटॉन या स्टीमच्याच सोयीतून विंडोजचा गेम लिनक्सवर चालवला तरी तो लिनक्सचाच धरतात. दर महिन्याला लिनक्स वापरणाऱ्यांची टक्केवारी येते ती वेगळी. तो स्टीमचा ऐच्छिक सर्व्हे, विक्रीशी त्याचा संबंध नाही.

उशिराचे रोजचे १०० मात्र अजून जमा नाहीत. त्याचा वेगळा अर्ज दिलाय, शिक्क्यासकट. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, तिला फी लागत नाही.