आमची वाटचाल : तेलाचा डबा आणि काकांचं सोयाबीन

आम्ही फरसाण करतो. शेव, पापडी, पोह्यांचा चिवडा, तळलेली मसूर डाळ, मसाला शेंगदाणे आणि दिवाळीला चकली-कडबोळी. बेळगावात शहापूरच्या एका गल्लीत घरच्या चुलीवर सुरुवात झाली, आता मच्छेला छोटा कारखाना आहे. माल खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लजला जातो आणि चोर्ला घाट उतरून गोव्यालाही. कामाला वीस-बावीस माणसं, त्यांत निम्म्याहून जास्त बायका.

लोक चव कशी सांभाळता असं विचारतात, मसाल्याबद्दल विचारतात. मला तेलाबद्दल सांगायचं आहे. शंभर किलो शेव तळली की तिच्यात तीस-पस्तीस किलो तेलच असतं. त्यामुळे तेलाच्या डब्याचा भाव हलला की आमचं सगळं हलतं. आणि हा डबा हलतो रविवार पेठेच्या घाऊक बाजारात, पण हलवणारा हात दिल्लीत असतो.

वडील वडगावला मागावर साड्या विणायचे. मजुरीत घर चालेना, तेव्हा आईने शेव करून दोन-चार दुकानांत द्यायला सुरुवात केली. तेव्हा सगळं शेंगतेलात तळायचं. ते परवडायचं नाही, म्हणून माल थोडा आणि गिऱ्हाईकही ठरलेलं. 1994 साली पामोलिनची आयात खुली झाली. सुरुवातीला त्यावर 65 टक्के आयात शुल्क होतं, 1998 पर्यंत ते 15 टक्क्यांवर आलं. वडिलांनी मोठी कढई घेतली ती याच काळात. स्वस्त तेल आलं म्हणून आमचा धंदा घरातून बाहेर पडला, ही गोष्ट मी कधीच नाकारणार नाही. पण त्याच वर्षांत आमच्या जिल्ह्यातल्या शेंगा करणाऱ्या शेतकऱ्याचं काय झालं, हे मला फार नंतर कळायला लागलं.

कर आणि नाका म्हणजे काय, हे सीमेवरच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. चंदगड आमच्यापासून तासाभरावर, भाषा एक, सोयरिकी एक. पण 2017 पर्यंत तिथल्या दुकानदाराला माल द्यायचा तर तो परराज्यातला व्यवहार. दोन टक्के केंद्रीय विक्रीकर, त्यासाठी समोरच्याकडून सी फॉर्म, म्हणजे कमी कराचा दाखला, आणि तो फॉर्म वेळेत आला नाही तर वरचा कर आमच्या अंगावर. गाडी सीमेवरच्या नाक्याला थांबली की ड्रायव्हर तिथेच जेवण उरकायचा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ते संपलं. पुढे ई-वे बिल, म्हणजे गाडीबरोबर लागणारं ऑनलाइन बिल आलं, त्याची कटकट आहेच, पण नाका गेला याचं मोल आम्हाला माहीत आहे. निपाणी-गडहिंग्लजची आमची लाईन खऱ्या अर्थाने त्यानंतर वाढली.

2022 साल सगळ्याच तळणवाल्यांना आठवत असेल. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं, सूर्यफूल तेल अडकलं, आणि एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली. बंदी तीन-साडेतीन आठवडेच टिकली, पण तेवढ्यात भांडवल संपत आलं. ते संकट बाहेरून आलं होतं, त्याबद्दल कुणाला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

सप्टेंबर 2024 ची गोष्ट वेगळी आहे.

गणपती बसलेले होते. बेळगावात त्या दिवसांत आमची मागणी दुप्पट असते आणि लगेच दसरा-दिवाळीची तयारी. शनिवारी, 14 तारखेला सकाळी आमच्या अडत्याचा फोन आला, "ड्युटी लागली ओ रात्रीत. कालचा दर विसरा." कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून 20 टक्के झालं होतं. सेस-अधिभार धरून एकूण बोजा साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर गेला. रिफाइंड तेलावर तो 13.75 वरून 35.75. हिशेब साधा आहे. बंदरावर शंभर रुपयांना पडलेलं कच्चं तेल आधी साडेपाच रुपये भरून आत यायचं, त्या दिवसापासून साडेसत्तावीस भरून. त्यातही पाम आणि सोयाबीन तेलाचं शुल्क प्रत्यक्ष भावावर लागत नाही. सरकार दर पंधरवड्याला डॉलरमध्ये एक दर जाहीर करतं, त्यावर लागतं. म्हणजे बाहेर तेल चढलं की शुल्काचे रुपयेही आपोआप चढतात.

नवीन शुल्क नव्या मालाला लागतं. जुन्या शुल्काने आलेलं जवळपास 30 लाख टन तेल देशात पडून आहे, ते दीड महिना पुरेल, तोवर किमती वाढवू नका, असं केंद्राच्या अन्न खात्याने त्याच आठवड्यात तेल कंपन्यांना सांगितलं. मी ती बातमी कापून टेबलावर ठेवली होती. पण पेठेत डबा त्याआधीच चढला होता, आणि जुन्या दराने एकही डबा मला कुणी दिला नाही. ज्याच्या गोदामात माल होता त्याला फायदा झाला. आम्ही रोजच्या रोज डबे आणणारी माणसं. आम्हाला तो दीड महिना मिळालाच नाही.

मोठ्या पाकिटांचा भाव वाढवता येतो, दुकानदार कुरकुरतो पण घेतो. खरी अडचण दहा रुपयांच्या पाकिटाची. शाळेजवळचं, स्टँडवरचं, कामावरून सुटणाऱ्या माणसाचं ते पाकीट. त्याचा भाव अकरा होऊ शकत नाही. वजन कमी करायचं तर फिल्मचे रोल आधीच छापून पडलेले, त्यांवर 38 ग्रॅम लिहिलेलं. छापलंय तेवढं भरायलाच हवं, तो कायदा आहे आणि तो बरोबर आहे. ते रोल संपेपर्यंत आम्ही प्रत्येक पाकिटामागे तोटा घेतला, मग 32 ग्रॅमचे छापले. उचगावची एक दुकानदारीण मावशी पाकीट हातात तोलून म्हणाली, "काय ओ, हवाच भरायलासा की ह्यात." तिला मी ड्युटीचं सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग शेतकऱ्याला तरी मिळायलंय का ते पैसे?"

तेच मला लिहायचं आहे. कारण ही ड्युटी शेतकऱ्यासाठी वाढवली असं सांगितलं गेलं, आणि मी तेव्हा मनापासून ते मानलं होतं. आमचे काका निपाणीजवळ शेती करतात. पूर्वी तंबाखू होता, आता खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, एका तुकड्यात ऊस. आपल्याला डबा महाग पडला तर पडू दे, काकांच्या पोत्याला चार पैसे जास्त मिळतील, घरातले पैसे घरात राहतील, असं मी आमच्या बायकोला म्हणालो होतो.

त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. बाजारात भाव चार हजारांच्या आसपासच फिरत राहिला. काका फोनवर विचारायचे, "अरे, तुझं तेल एवढं चढलंय म्हणतोस, मग माझ्या बियाला भाव का नाही?"

मी चौकशी केली, तेलवाल्यांना विचारलं, आणि जे कळलं ते प्रत्येक सोयाबीनवाल्याला माहीत असायला हवं. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं अठरा किलोच्या आसपास. उरलेली सगळी पेंड. म्हणजे सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त अवलंबून आहे. पेंड जाते कोंबडीखाद्यात. आणि त्याच काळात मका-तांदळापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून निघणारा चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, तो पेंडीपेक्षा स्वस्तात कोंबडीखाद्यवाल्यांना मिळू लागला. बाहेरच्या देशांतही सोयाबीन उदंड होतं, त्यामुळे आपली पेंड निर्यातही परवडेना. तेलाच्या अठरा किलोंना ड्युटीचा आधार मिळाला, पेंडीच्या ऐंशी किलोंनी तो खाऊन टाकला.

सरकारी खरेदी होती, नाही असं नाही. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे हमीभावाने केंद्रं सुरू झाली. पण माल 12 टक्के ओलाव्याच्या आत हवा. परतीच्या पावसात काढलेलं सोयाबीन तेवढं कोरडं कुठून असणार? काकांनी चार दिवस अंगणात ताडपत्रीवर वाळत घातलं, संध्याकाळी ढग आले की सगळं घर पोती भरायला. केंद्रावर मीटर लावला तर 14 च्या वर. परत आणलं. नोव्हेंबरच्या मध्याला केंद्र सरकारने ओलाव्याची मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत वाढवली, तोवर काकांनी उसाच्या तोडणीचे आणि हरभऱ्याच्या बियाण्याचे पैसे भागवायला निम्मा माल व्यापाऱ्याला देऊन टाकला होता.

मग मे 2025. 28 तारखेला खरिपाचे नवे हमीभाव जाहीर झाले, सोयाबीन 5,328 रुपये. काकांनी बियाणं बांधून ठेवलं. आणि दोनच दिवसांनी कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क निम्मं केलं, एकूण बोजा साडेसोळा टक्क्यांवर आला. रिफाइंडवरचं तसंच ठेवलं, म्हणजे कच्चं तेल आणून इथे शुद्ध करणाऱ्या कारखान्यांना काम मिळावं. ते धोरण म्हणून मला पटतं. आमचा डबाही जरा उतरला, मी खोटं कशाला बोलू. पण पेरणीच्या तोंडावर एका हाताने भाव वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याचा आधार काढायचा, हे बरोबर नाही. काकांनी त्या वर्षी सोयाबीनचा एक तुकडा कमी करून ऊस वाढवला. उसाला पाणी किती लागतं आणि उन्हाळ्यात आमच्याकडे विहिरींची काय गत होते, ते सांगायला नको.

हरभऱ्याचं याहून वेगळं नाही. डिसेंबर 2023 पासून पिवळा वाटाणा शुल्कमुक्त येऊ लागला, मुदतीमागून मुदत वाढत गेली. कॅनडा-रशियाचा हा वाटाणा हरभऱ्यापेक्षा बराच स्वस्त. त्याचं पीठ डाळीच्या पिठात मिसळलं तर दिसायला फरक कळत नाही, कढईत कळतो. सोऱ्यातून शेव पडली की शुद्ध बेसनाची लगेच फुलून वर येते, फेस बारीक असतो. मिसळीची शेव जड पडते, गार झाल्यावर दाताला कडक लागते आणि तोंडात शेवटी कच्चट वास राहतो. आम्ही मिसळ कधी केली नाही, करणारही नाही. पण ठोक बाजारात मिसळीच्या शेवेशी भावात टक्कर देताना आम्हाला किलोमागे जे सोडावं लागलं, त्याचा हिशेब वहीत आहे. 1 एप्रिल 2025 पासून हरभऱ्यावर 10 टक्के आणि 1 नोव्हेंबर 2025 पासून पिवळ्या वाटाण्यावर 30 टक्के शुल्क लागलं. हे आधी व्हायला हवं होतं.

उलट्या दिशेचंही एक सांगतो. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. त्या हिवाळ्यात आम्हाला कांदा स्वस्त मिळाला. बेळगाव एपीएमसीत गाड्या खाली करून रिकाम्या हाताने परतणारे शेतकरी मी त्याच आवारात उभा राहून पाहिले आहेत. कारखानदार म्हणून माझा खर्च वाचला, पण तो कुणाच्या खिशातून वाचला ते समोर दिसत होतं.

2025 च्या नवरात्रात, 22 सप्टेंबरपासून, फरसाणावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. दहाच्या पाकिटात आम्ही लगेच वजन वाढवलं. पण ऑगस्टच्या शेवटापासून अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के कर लावला होता, लोखंडाच्या मालावर तर तो जूनपासूनच होता, आणि उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडकामाच्या ज्या दोन-तीन शॉपना, म्हणजे कारखान्यांना, आम्ही चहाच्या वेळचा माल देतो तिथे ओव्हरटाईम बंद झाला. ओव्हरटाईम नाही तर संध्याकाळचं पाकीट नाही. वाढवलेल्या वजनाचा फायदा आम्हाला त्या लाईनला मिळाला नाही.

ड्युटी नको असं मी म्हणणार नाही. खाद्यतेलाच्या निम्म्याहून जास्त गरजेसाठी देश बाहेर बघतो, आणि आमच्या जिल्ह्यात शेंगा, सोयाबीन, सूर्यफूल पिकवणारा माणूस टिकायला हवा. माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. एक, पेरणीआधी शुल्क जाहीर करा आणि तो माल बाजारात येऊन विकला जाईपर्यंत त्याला हात लावू नका. काकांनाही पीक ठरवता येईल आणि मलाही रोल छापता येतील. दुसरं, शुल्क वाढवाल त्या हंगामात खरेदी केंद्रं काढणीच्या आधी उघडा आणि ओलाव्याचा नियम आमच्या पावसाकडे बघून करा. नाहीतर गिऱ्हाईकाने भरलेले पैसे मधल्या गोदामात राहतात, शिवारात पोचत नाहीत. व्यापाऱ्यांच्या बैठकीत मी हे बोललो, पुढेही बोलेन.

आमच्या हातात होतं ते आम्ही केलं. गेल्या रब्बीपासून काका आणि त्यांच्या शिवारातल्या सहा-सात घरांचा हरभरा आम्ही थेट घेतो. बोली अशी की बाजार कितीही पडला तरी हमीभावाच्या खाली जायचं नाही. 2026-27 च्या हंगामाला तो 5,875 ठरला. डाळ मिलमध्ये क्विंटलला सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ पडते, चुणी-टरफल त्यांच्याच जनावरांना परत जातं. पीठ थोडं महाग पडतं, पण शेव फुलते. तसाच येळ्ळूरच्या शिवारातला मसूर, भात निघाल्यावर घेतलेला. दाणा बारीक, पण तळला की मऊ न पडता खुसखुशीत राहतो. बळ्ळारी नाल्याचं पाणी ज्या वर्षी शिवारात शिरतं त्या वर्षी तो कमी येतो, तेवढं आम्ही धरून चालतो.

तेलाचं मात्र अजून जमलेलं नाही. हुक्केरीकडच्या शेंगा घेऊन दिवाळीच्या चिवड्यापुरतं तरी शेंगतेल घाण्यावर काढून घ्यायचं, असं आई म्हणते आहे. तिच्या हिशेबात चिवडा किलोमागे चाळीसेक रुपयांनी महाग होतो. पहिला घाणा दसऱ्याच्या आधी काढू आणि तेवढे पैसे देणारं गिऱ्हाईक बेळगावात किती आहे ते बघू.