तुम्ही विचारलंत म्हणून : नगरला करमतं का?

पुण्याला गेले की प्रश्न ठरलेला. "करमतं का गं तिकडे?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी कमी आणि 'बिचारी' जास्त. करमतं म्हटलं तर विश्वास बसत नाही, नाही म्हटलं तर लगेच ओळखीतली नोकरी सुचवली जाते. नगरचे लोक उलट्या बाजूने येतात : "एवढं एम. ए. करून इकडं कसं काय, मॅडम?" तासिका तत्त्वावर शिकवायला आले. त्यात किती मिळतं आणि कधी मिळतं, ते त्यातल्यांना माहीत आहे. बाकीच्यांनी न विचारलेलं बरं.

"तुला काय, नगर म्हणजे ख्रिस्ती लोकांचं माहेरच," हेही ऐकून झालंय. खरं आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून इथे आहे, ख्रिस्ती नियतकालिक 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये इथेच सुरू झालं, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची कितीतरी वर्षं इथे गेली, सावित्रीबाई फुले अध्यापन शिकायला मिशनच्या फॅरारबाईंकडे इथेच आल्या. पुण्यात मला "ख्रिश्चन म्हणजे गोव्याच्या का?" असं विचारायचे. इथे ते कुणी विचारत नाही. इथे आपलीच माणसं विचारतात : आडनाव काय, मूळ गाव कोणतं. आमच्या आडनावावरून नेमकं काही कळत नाही, मग तिसरा प्रश्न, आजोळ कुठलं? तिथे जातीचा हिशेब लागतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं. चर्चच्या मंडळीतल्या लोकांच्या मनातल्या यादीतून मात्र कुणी वगळलं गेलेलं नाही. "आम्ही जात मानत नाही" असं मी पुण्यात ठणकावून सांगायचे. तिथे विचारणारंच कुणी नव्हतं, त्यामुळे ते सोपं होतं.

पण तुम्हाला हे विचारायचं नसतंच. तुम्हाला विचारायचं असतं, चर्चला जातेस का आता? जाते. आणि का, ते एका कॉटेज मिटिंगमुळे, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेमुळे. का जाऊ नये, तेही तिच्याचमुळे.

मिटिंग एका मावशींकडे होती. त्यांचा मुलगा नगर-मनमाड रस्त्यावर मोटारसायकलवरून गेलेला, वर्षही झालं नव्हतं. हे मला माहीत होतं, म्हणजे कुणी मला आंधळी ठरवू नये. सतरंजीवर बायका, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पुरुष, भिंतीवर त्याचा फोटो आणि खाली चार्जिंगला लावलेला त्याचाच मोबाईल. शिकलेली म्हणून बायबलमधलं वचन वाचायला मला बसवलं. मी ईयोबाच्या, म्हणजे काही दोष नसताना दहाही लेकरं गमावलेल्या माणसाच्या पुस्तकातला अडतिसावा अध्याय काढला आणि दोन शब्द बोलले : माणूस विचारतो, हे माझ्याच वाट्याला का? देव विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? प्रश्न एक, बोलणं भलतंच. ईयोबाला उत्तर मिळत नाही, आणि पुस्तक ते लपवत नाही.

कुणीच काही बोललं नाही. चर्चच्या पाळकसाहेबांनी घाईने गीत सुरू केलं. चहाच्या वेळी मला म्हणाले, "मॅडम, वर्ग वेगळा, मिटिंग वेगळी." एक बाई मुद्दाम ऐकू जाईल असं बोलली, "पुण्याचं शिक्षण." मावशी आत कप विसळत होत्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. पुन्हा या लोकांत पाय ठेवायचा नाही असं ठरवून मी रिक्षात बसले. मी खोटं काय बोलले होते? आजही विचारते.

काही दिवसांनी त्या मोबाईलवरून फोन आला. "ये. ते परत वाच. मला बारीक अक्षर दिसत न्हाई."

गेले. या वेळी शेवटपर्यंत वाचायला लावलं. मधे एकदाच थांबवलं : "तू म्हणलीस देव उत्तर देत न्हाई. पण आला तर खरा त्याच्यासमोर. माझ्यासमोर कोण आलं?" मी गप्प. बेचाळिसावा अध्याय संपला. ईयोबाला पुन्हा सात मुलगे, तीन मुली. मावशी म्हणाल्या, "नंतरच्या पोरींची नावं दिल्यात बघ. यमीमा, कसीया, तिसरी ती अवघड. आधीची मेलेली दहा लेकरं, त्यातल्या एकाचं तरी नाव हाय का?"

नाही. मी मागे पानं उलटून पाहिलं. कुठेच नाही. माझ्या एम. ए.च्या टिपणांतही हे नव्हतं.

पुण्यातली मी म्हणायची, श्रद्धा ज्याची त्याची, दार लावून खोलीत. ते मला अजून पटतं, आणि रविवारी कोण आलं-कोण नाही याची हजेरी घेणाऱ्यांचा तितकाच राग येतो. पण दार लावून बसलेल्या मला दहा लेकरांच्या नावांचा प्रश्न कधी पडला नव्हता. म्हणून पुण्यातली चूक आणि नगरची बरोबर, असंही नाही. मावशींनाही मी 'बरोबर' वाटत नाही. "जीभ लई चालते तुझी," म्हणतात, आणि पुढच्या मिटिंगला बोलावतात.

पाळकसाहेबांचं म्हणणं, आता स्तोत्रं घ्या, लोकांना धीर मिळेल. माझं म्हणणं, ईयोब अर्धवट राहिलाय. त्यावर आमचं अजून चालू आहे. तोवर जूनमध्ये तासिका मिळतात का ते बघायचं.