तुम्ही विचारलंत म्हणून: टर्बोवाली येईपर्यंत थांबू का?

नवी हॅचबॅक बाजारात आली की हा प्रश्न हमखास येतो. साधी आत्ता घ्यावी, की तिची दमदार आवृत्ती, बहुधा टर्बोची (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारी), येईल म्हणून थांबावं?

आधी तारखा बघा, पहिली साध्या गाडीची, नंतरची दमदार आवृत्तीची. मारुतीची बलेनो ऑक्टोबर २०१५ मध्ये आली, बलेनो आरएस मार्च २०१७ मध्ये. ह्युंदाईची सध्याची आय२० नोव्हेंबर २०२० ची, तिची एन लाइन सप्टेंबर २०२१ ची. टाटांची अल्ट्रोझ जानेवारी २०२० ची, आय-टर्बो बरोबर वर्षभराने, आणि रेसर थेट जून २०२४ मध्ये. पहिले काही महिने साधी गाडीच वेटिंगवर असते, तेव्हा कंपनीला आणखी आकर्षणाची गरज नसते. गर्दी ओसरली की नवा बिल्ला लावून मॉडेल पुन्हा चर्चेत आणायचं. शिवाय इंजिन-गिअरबॉक्सची प्रत्येक नवी जोडी आपल्याकडे एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचण्या करून मंजूर करून घ्यावी लागते. तो खर्च थोडक्याच गाड्यांवर वसूल व्हायचा असतो, म्हणून साध्या गाडीचा जम बसल्यावरच तो केला जातो.

रेसरची गोष्ट मात्र वेगळी. ती मॉडेलच्या उतारवयात आली, आणि मे २०२५ मध्ये अल्ट्रोझचा नवा चेहराच आला. अशा वेळी घेणाऱ्याने एक हिशोब करावा: वर्षभरात आपली गाडी दिसायला जुनी होईल. ते चालणार असेल तर घासाघीस करायला याहून चांगली वेळ नाही.

वेगळेपणाचं म्हणाल, तर नावावर जाऊ नका. फोक्सवॅगनच्या व्हर्टस सेडानची जीटी लाइन एक लिटरच्या ११५ पीएस (पीएस म्हणजे ताकदीचं माप) इंजिनावर येते, म्हणजे काळा साज आणि बिल्ला. १५० पीएसचं दीड लिटर इंजिन हवं असेल तर जीटी प्लस बघावी लागते. त्या गाडीच्या पुढच्या डिस्क ब्रेकचे कॅलिपर (डिस्क पकडणारा भाग) लाल आहेत, पण मागे ड्रम ब्रेकच. उलट आय२० एन लाइनला नावात ‘लाइन’ असूनही चारही चाकांना डिस्क, कडक सस्पेन्शन आणि वेगळा एक्झॉस्ट मिळाला. इंजिन मात्र साध्या टर्बोचंच, १२० पीएस आणि १७२ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर). मग सप्टेंबर २०२३ च्या फेसलिफ्टमध्ये साध्या आय२०मधून टर्बो काढूनच टाकला. म्हणजे वरच्या गाडीत काही न घालता खालच्या गाडीतून काढूनही फरक पाडता येतो! क्रेटाच्या १६० पीएस टर्बोचंही तसंच. मार्च २०२४ मध्ये एन लाइन आली तेव्हा त्या इंजिनाला मॅन्युअल गिअर फक्त तिच्यात होता.

युरोपातली खरी आय२० एन १.६ लिटर, २०४ पीएसची होती, पुढच्या चाकांना मेकॅनिकल लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसतं फिरत राहू न देणारी यंत्रणा). ती इथे का आली नाही? चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तरच कर कमी लागतो. सप्टेंबर २०२५ पासून हा फरक १८ आणि ४० टक्क्यांचा आहे. म्हणून इथल्या बहुतेक दमदार हॅचबॅक १२०० सीसीच्या आतल्या. रांजणगावात बनलेली फियाटची अबार्थ पुंटो मात्र १.४ लिटरची, सुमारे १४५ पीएसची होती. किमतीत तिला ते जड गेलं.

शोरूममध्ये गेल्यावर विक्रेत्याचं ऐकण्याआधी मागच्या चाकाच्या आऱ्यांतून आत डोकावा: डिस्क आहे की ड्रम. टायरच्या कडेवरचा आकडा साध्या गाडीच्या आकड्याशी ताडून बघा. मग टॉर्क किती आणि कोणत्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), ते विचारा. शहरात पीएसपेक्षा तो जास्त जाणवतो. ड्राय क्लचचा डीसीटी (तेलात न बुडवलेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर चढावर, गर्दीत इंचाइंचाने सरकण्याची सवय त्याला मानवत नाही, क्लच तापतो. रोज तसाच रस्ता असेल तर मॅन्युअल घ्या.

यातलं काहीच वेगळं नसेल तर थांबण्यात अर्थ नाही, साधी बुक करा.