स्वस्त टायरचा हिशेब

ट्रॅकवर गाडी तीच होती, वजन तेच 1200 किलो, फक्त टायर बदललेले. खरेदी विभागाने सुचवलेले, त्याच मापाचे, पण स्वस्तातले.

गाडीला किती ओढ बसते हे मोजणाऱ्या कोस्टडाउन चाचणीची पद्धत ठरलेली आहे. टायर गार असताना हवा मोजून भरायची, गाडी वीसेक मिनिटं पळवून गरम करायची, मग वेगात नेऊन न्यूट्रल करायची. आपोआप मंदावताना ताशी 85 वरून 75, 75 वरून 65 असं उतरायला किती सेकंद लागले ते टिपायचं. वारा आणि उतार यांचा परिणाम कटावा म्हणून तेच उलट्या दिशेनेही.

या वेळी सेकंद कमी भरत होते, म्हणजे गाडी लवकर मंदावत होती. अशा वेळी पहिला संशय ब्रेकवर. कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन अडकली की पॅड डिस्कला घासत राहतो. चारही चाकं उचलून हाताने फिरवली, मोकळी. हवा बरोबर. कोरा टायर जरा जास्त ओढतो, पण हे आधीच चालवून घेतले होते. म्हणजे मामला रबराचाच.

रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक, म्हणजे टायर फिरताना होणारा अडथळा गाडीच्या वजनाच्या किती पट, तो 0.008 वरून 0.010 च्या घरात गेला होता. ऐकायला किरकोळ. या वजनाला तो सुमारे 24 न्यूटनचा जादा अडथळा, म्हणजे 100 किलोमीटरला साधारण 0.2 लिटर पेट्रोल. गाडी 2 लाख किलोमीटर चालली तर 400 लिटर. लिटरमागे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर किलोमीटरला साडेचार ग्रॅमची भर.

सिलिका घातलेलं रबर ओल्या रस्त्यावरची पकड न घालवता ही ओढ कमी करतं, पण महाग पडतं. शोरूममध्ये त्याबद्दल कोण विचारतो? पातळ इंजिन ऑइल, ग्रिलमागच्या उघडझाप करणाऱ्या पट्ट्या, इंधन वाचवणाऱ्या सगळ्यांची हीच गत. खर्चाला कात्री लागली की आधी याच गोष्टी जातात. अमेरिकेत 1990 ते 2010 कारच्या मायलेजचं सरकारी मानक गॅलनला 27.5 मैलांवरच थांबलं होतं. तेवढ्या काळात इंजिनं सुधारली, पण ती सुधारणा बरीचशी ताकद आणि वजन वाढवण्यात गेली.

आमच्याकडे प्रस्ताव अडला तो मानकामुळेच. विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी मर्यादेच्या काठावर होती, त्यात साडेचार ग्रॅम बसेनात. दुसऱ्या दिवशी जुने टायर पुन्हा चढवले.